दुपट्यापासून तोरापर्यंत

जर्मन ज्यूंच्या धार्मिक कलेत एकटेच हात जोडून बसलेले मूल क्वचितच भेटते. ते बहुधा वडिलांच्या कडेवर, गुरूच्या मांडीवर किंवा आशीर्वादाच्या हाताखाली असते, आणि चित्राचा विषय एखादा ठरावीक संस्कार असतो.

सुमारे १३१० मधल्या ‘लाइपझिग महझोर’ या सणांच्या प्रार्थनांच्या हस्तलिखितात विद्यारंभाचे चित्र आहे. शावुओतच्या सणाला वडील मुलाला झग्यात लपेटून गुरूकडे नेत; वाटेत अशुद्ध असे काही त्याच्या नजरेस पडू नये, हा हेतू. पाटीवरच्या अक्षरांना मध लावून ती चाटायला दिली जात. मधाची पोळी, उकडलेले अंडे, शेवटी नदीकाठची फेरी असा सारा बेत असे.

याहून घरगुती कला म्हणजे विम्पेल. आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी बाळाला ज्या दुपट्यात गुंडाळलेले असे, ते धुऊन बहुधा त्याच्या चार पट्ट्या कापत आणि टोकाला टोक जोडून शिवत. सुमारे तीन मीटरची ही पट्टी तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीभोवती बांधायची. घरातल्या बायका तिच्यावर हिब्रूत मुलाचे व वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि ‘तोरा, विवाह व सत्कर्मे’ लाभावीत असा आशीर्वाद भरत. ‘विवाह’ या शब्दाजवळ मांडवाखालचे जोडपे, ‘तोरा’जवळ उघडलेली गुंडाळी, जन्मतारखेपाशी राशीचे चिन्ह. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात भरतकामाच्या जोडीला रंगकाम आले, आणि चित्रे अधिक मोकळी, कधी चक्क गमतीदार झाली. मूल साधारण तीन वर्षांचे झाले की वडील त्याला सिनेगॉगमध्ये नेत आणि मूल स्वतःच्या हाताने ही पट्टी अर्पण करी.

हाच प्रसंग चित्रकार मोरिट्झ डॅनियल ओपनहाइम (१८००–१८८२) याने १८६९ मध्ये रंगवला. हानाऊच्या ज्यू वस्तीत जन्मलेला ओपनहाइम फ्रँकफर्टमध्ये स्थिरावला आणि रॉथशील्ड घराण्याची व्यक्तिचित्रे करून नावारूपाला आला. शुक्रवारी संध्याकाळचा आशीर्वाद, मुलगा धार्मिकदृष्ट्या सज्ञान होण्याचा बार मित्झ्वा हा संस्कार, सणासुदीचे घर अशा विषयांची त्याची मालिका १८६६ पासून छापील संचांच्या रूपात बाहेर पडू लागली आणि १८८२ पर्यंत वीस चित्रांची झाली. त्या काळच्या छायाचित्रणात रंगांच्या छटा नीट उतरत नसत, म्हणून त्याने छपाईसाठी ही चित्रे करड्या छटांमध्ये रंगवली. पेहराव मात्र मागच्या पिढीचा ठेवला. वस्तीची दाटी, कोंडमारा आणि बाहेरची बंधने त्याने जवळजवळ वगळली. त्यामुळे इतिहासाचा पुरावा म्हणून या चित्रांकडे जपूनच पाहावे लागते. विधींचा तपशील मात्र त्यांत पुष्कळ सापडतो. मुले धार्मिक वातावरणापासून दुरावत चाललेल्या मध्यमवर्गीय ज्यू घरांत ही मालिका उचलून धरली गेली. चिनी मातीच्या बशांवरही त्यातली दृश्ये उतरली.

विम्पेलची परंपरा प्रामुख्याने जर्मनी, आल्सास आणि स्वित्झर्लंडच्या ज्यूंमध्ये रुजली होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी सिनेगॉग जाळले, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या असंख्य पट्ट्या नष्ट झाल्या. निसटून न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये वसलेल्या जर्मन ज्यूंनी ही प्रथा तिथे चालू ठेवली.