व्हायोलिनची चिठ्ठी आणि व्हायोलिनचा नाद

जुन्या व्हायोलिनच्या डाव्या ध्वनिरंध्रातून आत पाहिले असता तळाशी चिकटवलेली एक कागदी चिठ्ठी बहुधा दिसते, आणि तिच्यावर पुष्कळदा अंतोनिओ स्ट्राडिव्हारी या इटालियन कारागिराचे नाव लॅटिन भाषेत छापलेले असते. वडिलोपार्जित वाद्य विकणारा ती चिठ्ठी अभिमानाने दाखवितो आणि घेणारा तिला भुलतो. म्हणून व्हायोलिनची पारख करू इच्छिणाऱ्याने प्रथम या चिठ्ठीचाच इतिहास जाणून घ्यावा.

व्हायोलिनला आजचे रूप सोळाव्या शतकात उत्तर इटलीत आले. क्रेमोना येथील आंद्रेआ आमाती याने सिद्ध केलेल्या घाटावर स्ट्राडिव्हारीने (१६४४–१७३७) कळस चढविला. त्याची सुमारे ६५० वाद्ये आज शिल्लक असून त्यांतील बहुतेक जाणकारांच्या नोंदीत आहेत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेनसारख्या गावांतून व्हायोलिने हजारोंनी तयार होऊ लागली. कोणी माना कोरी, कोणी पाठी घडवी, कोणी नुसती जोडणी करी. अशा वाद्यांत थोर कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटविण्याची सर्रास चाल होती. तिचा अर्थ ‘या नमुन्यावर बनविलेले’ इतकाच घ्यावयाचा. १८९० साली अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे स्ट्राडिव्हारीच्या नावाखाली ‘जर्मनी’ असे छापलेले वाद्य बहुधा त्यानंतरचे असते. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे असेल तर ते १९१८ नंतरचेच, कारण तत्पूर्वी तो देशच अस्तित्वात नव्हता.

भारतात या परदेशी वाद्याला प्रथम दक्षिणेने आपलेसे केले. बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) हे कर्नाटक संगीतातील त्याचे आद्य पुरस्कर्ते मानले जातात. हिंदुस्थानी संगीतात त्याला मानाचे स्थान देणाऱ्यांत मराठी वादकांचा वाटा मोठा आहे. गायक म्हणून थोर असलेले गजाननराव जोशी (१९११–१९८७) व्हायोलिनवादनातही तितकेच अधिकारी होते. मुंबईत जन्मलेले वि. गो. जोग (१९२२–२००४) यांनी हे वाद्य देशोदेशी ऐकविले. जोगांचे एक गुरू श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे पुढे रायपूरच्या पश्चिमेस असलेल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. १९५६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठामुळे छत्तीसगढमधील संगीताच्या विद्यार्थ्याला गुरू व शास्त्र दोन्ही घराजवळ लाभली. प्रश्न उरतो तो वाद्य निवडण्याचा.

चिठ्ठी बाजूस ठेवून प्रथम लाकूड पाहावे. उत्तम व्हायोलिनची पुढील फळी स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची असते. तिच्या रेषा सरळ व समांतर असाव्यात. पाठ, बाजू व मान मेपलची असते. कडेने जाणारी काळी-पांढरी रेघ लाकडात बसविलेली आहे की केवळ रंगविलेली, हे बारकाईने पाहावे. बसविलेली रेघ काठावरची चीर आत शिरू देत नाही. बोटांखालची पट्टी आबनुसाची असावी, काळा रंग दिलेल्या मऊ लाकडाची नव्हे. खुंट्या न अडखळता फिराव्यात आणि फिरविल्या जागी टिकाव्यात. वाद्याच्या पोटात घोडीजवळ एक लहानसा दांडू उभा असतो. तो पुढच्या फळीचे कंप पाठीला पोहोचवितो, म्हणून इटालियन भाषेत त्याला ‘आत्मा’ म्हणतात. त्या जागी पाठीला चीर गेलेली असल्यास ते वाद्य घेऊ नये.

सांधा सुटलेला असणे हा मात्र तितका मोठा दोष नव्हे. व्हायोलिन जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडतात. हवेच्या ताणाने लाकूड फाटण्याआधी सांधा सुटावा, अशीच त्यात योजना असते. रायपूरसारख्या ठिकाणी, जेथे वैशाखातील कोरड्या उन्हाळ्यापाठोपाठ मुसळधार पावसाळा येतो, तेथे या योजनेचे मोल विशेष कळते. काठाकाठाने बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. खरखर ऐकू आल्यास सांधा सुटला आहे असे समजावे. जाणत्या कारागिराकडून तो पुन्हा सरसानेच जोडून घ्यावा. बाजारातल्या पक्क्या गोंदाने सांधा सुटत नाही, पण पुढे फळी फुटते. कच्च्या लाकडाचे नवे वाद्य तर अशा हवेत पहिल्याच वर्षी वाकण्याची भीती असते.

अखेरची परीक्षा नादाची. हिंदुस्थानी वादक जमिनीवर बसून वाद्याचे टोक पायावर टेकवितो आणि गायकाप्रमाणे मींड घेतो. म्हणून मंद्र सप्तकातील स्वर भरीव आहे काय आणि चारही तारांचा आवाज एकसारखा खुलतो काय, हे गज लांब ओढून ऐकावे. शक्यतो दुसऱ्याला वाजवावयास सांगून स्वतः दूर बसावे.

२०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ निष्णात वादकांना दृष्टी झाकून सहा व्हायोलिने वाजवावयास दिली होती. त्यांपैकी तीन नवी होती. उरलेल्या तिनांत दोन स्ट्राडिव्हारीची व एक ग्वार्नेरीचे होते. बहुतेकांनी नव्या वाद्यांना पसंती दिली आणि सर्वांत नापसंत ठरलेले वाद्य नेमके एक स्ट्राडिव्हारी होते. क्रेमोनाच्या कारागिराची थोरवी याने उणावत नाही; परंतु कोट्यवधींची वाद्ये जेथे नाव झाकताच ओळखू येत नाहीत, तेथे छापील चिठ्ठीवर विसंबून पैसे मोजणे शहाणपणाचे नव्हे. बेताच्या मिळकतीतून मुलासाठी व्हायोलिन घेणाऱ्या पालकाने निश्चिंत असावे. अस्सल लाकूड, नीट जुळणी आणि गुरूच्या कानाला मानवणारा स्वर एवढे लाभले, की वाद्याच्या पोटातील चिठ्ठी कोरी असली तरी चालते.