लेप्रिकॉन आणि त्याचा कायदा

ओवेन कोल्फर या आयरिश लेखकाची ‘आर्टेमिस फाउल’ ही कुमारांसाठीची कादंबरी २००१ साली आली. १२ वर्षांचा मुलगा पऱ्यांचा नियमग्रंथ मिळवतो, त्यातली कलमं घोकतो, पऱ्यांच्या भुयारी पोलीसदलातल्या कॅप्टन हॉली शॉर्टला पकडून ओलीस ठेवतो आणि खंडणीत १ टन सोनं मागतो. बिचाऱ्या लेप्रिकॉनला, म्हणजे आयरिश लोककथांतल्या बुटक्याला, खाकी चढवली, अशी तक्रार यावर सहज होऊ शकते. पण पकडणं, सुटकेचं मोल ठरवणं आणि शब्दाला शब्द लावून वाद घालणं हा या दंतकथेचा सर्वांत जुना थर आहे. त्याचा हिरवा कोट हीच मागाहूनची भर.

अल्स्टरचा राजा फर्गस मॅक लेती समुद्राकाठी झोपला असताना लेप्रिकॉनचे पूर्वज मानले जाणारे बुटके जलवासी त्याला ओढून नेऊ लागतात. पायाला गार पाणी लागताच तो जागा होतो आणि तिघांना धरतो. सुटकेच्या बदल्यात ते त्याला पाण्याखाली वावरण्याची विद्या देतात, मात्र एक सरोवर वर्ज्य करून. ही मध्ययुगीन कथा टिकली तीही जप्तीच्या कायद्याच्या संदर्भात! क्रॉफ्टन क्रोकरच्या १८२५च्या लोककथासंग्रहातल्या शेतकऱ्याचंही तेच होतं. सोनं पुरलेल्या झुडपाला तो लाल पट्टा बांधतो, पट्टा सोडणार नाही अशी शपथ पकडलेल्या लेप्रिकॉनकडून घेतो आणि फावडं आणायला घरी धावतो. परत येऊन पाहतो तर शेतातल्या प्रत्येक झुडपाला लाल पट्टा. शपथ पाळली गेली, सोनं मात्र गेलं.

गणवेशधारी पोलीस लोककथेत कुठे होते, हा आक्षेप रास्तच आहे. आयर्लंडची मध्यवर्ती कॉन्स्टॅब्युलरी १८३६ची, आणि जमीनदारासाठी कुळांना घराबाहेर काढताना ती हजर असे. अशा शिपायाला परीचं रूप देण्याची हौस गावकऱ्यांना असण्याचं कारण नाही. हॉलीचं दल, त्याची हत्यारं, हाताखालच्यांवर डाफरणारा कमांडर हे सगळं हॉलिवूडच्या मारधाडपटांचं देणं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण उसनवारी तेवढीच. कथेचा पेच त्या हत्यारांनी सुटत नाही. आमंत्रणाशिवाय माणसाच्या घरात शिरायचं नाही हा पऱ्यांचा नियम. आर्टेमिस त्यांना बजावतो की मी जिवंत असेपर्यंत कोणालाही परवानगी नाही. पोलीस हे वाक्य अक्षरशः घेतात: आधी बॉम्बने त्याला मारायचं, मग घरात शिरायचं.