चाळीस फूट आणि नऊ इंच : १८९८च्या ग्रहणातील दोन भिंगे

प्रत्येक ग्रहणाआधी मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "कोणते भिंग घेऊ?" विचारणारे बहुधा हौशी छायाचित्रकार असतात; सुटीच्या दिवशी पक्षी, डोंगर, आकाश टिपणारे. अपेक्षित उत्तरही ठरलेले असते : खिशाला झेपेल तितके लांब. २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधील लक्सर परिसरात सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास स्थिती असणार आहे (भारताच्या काही भागांतून ते ग्रहण खंडग्रास दिसेल), त्यामुळे हा प्रश्न आतापासूनच सुरू झाला आहे. पूर्वी मी सूत्र लिहून देत असे. हल्ली २२ जानेवारी १८९८ या दिवसाची हकिकत सांगतो.

त्या दुपारी चंद्राची छाया कोकण किनाऱ्यावरून देशावर चढली, वऱ्हाड ओलांडून बक्सरच्या दिशेने हिमालयाकडे गेली. या पट्ट्यावर जगभरातील निरीक्षकांनी तळ ठोकले होते. मुंबईत प्लेग थैमान घालत होता, तरी ते आले. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते. जाता जाता एक दुरुस्ती : लॉकयर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला, ही दर ऑगस्टमध्ये फिरणारी कथा खरी नाही. १८६८च्या ग्रहणावेळी ते इंग्लंडमध्येच होते. गुंटूरला होते ते फ्रान्सचे जान्सेन. लॉकयर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनी, याच ग्रहणासाठी.

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दोन मोहिमा होत्या. एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. त्यांचा भर वर्णपटावर होता. दुसरी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेची, विल्यम कॅम्बेल यांच्या नेतृत्वाखाली. कॅम्बेल यांच्या सामानात एक अजस्र कॅमेरा होता : भिंगाचा व्यास ५ इंच, नाभीय अंतर ४० फूट. १८९३मध्ये चिलीत हाच कॅमेरा डोंगरउतारावर टेकवून सूर्याकडे रोखता आला होता. जेऊरला डोंगर कुठला आणायचा? म्हणून मनोरे उभारून भिंग उंचावर बसवावे लागले. एवढी नळी सूर्यामागे फिरवणे अशक्य. तेव्हा नळी स्थिर ठेवायची आणि खाली छायाचित्राची काच घड्याळयंत्राने सरकवत न्यायची, अशी योजना होती. हे सारे जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

त्याच दिवशी वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या मुख्यतः हौशी मंडळींच्या संस्थेचा तळ होता. त्यांत ॲनी माँडर होत्या. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात त्यांनी गणिताची परीक्षा उत्तम रीतीने दिली, पण त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. ग्रीनिच वेधशाळेत त्यांनी तुटपुंज्या वेतनावर गणकाचे काम केले आणि १८९५मध्ये तेथीलच वॉल्टर माँडर यांच्याशी विवाह होताच नियमाप्रमाणे नोकरी सोडली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ साली त्यांचे नाव नाकारले होते. सदस्यत्व मिळाले ते १९१६मध्ये. म्हणजे तळणीत उभ्या असलेल्या ॲनीबाईंपाशी ना पद होते, ना वेधशाळा. गर्टनकडून मिळालेल्या अनुदानातून सिद्ध केलेला एक लहान कॅमेरा तेवढा होता. त्याच्या भिंगाचा व्यास दीड इंच, नाभीय अंतर ९ इंच.

आता थोडे गणित, कारण सारी मेख तिथेच आहे. सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या सुमारे एकशेसाताव्या भागाएवढी पडते. जेऊरच्या काचेवर सूर्य सुमारे ११ सेंटिमीटरचा, तर तळणीच्या काचेवर जेमतेम २ मिलिमीटरचा. इथवर पाहिले तर सामना एकतर्फी वाटतो. पण सूर्याभोवतीचे प्रभामंडल, म्हणजे करोना, ही पसरट वस्तू आहे. पसरट वस्तूची प्रतिमा किती उजळ पडेल हे भिंगाच्या आकारावर ठरत नाही. नाभीय अंतर भागिले व्यास, या गुणोत्तरावर ठरते. छायाचित्रकार त्यालाच एफ-क्रमांक म्हणतात. जेऊरचा कॅमेरा एफ ९६, तळणीचा एफ ६. गुणोत्तर १६, त्याचा वर्ग २५६. काचेच्या तितक्याच क्षेत्रफळावर, तितक्याच वेळात, त्या चिमुकल्या कॅमेऱ्यात २५६ पट प्रकाश पडत होता. (ताऱ्यासारख्या बिंदूचा हिशेब वेगळा; तिथे व्यास मोठा हवाच.)

प्रभामंडल सूर्याच्या कडेपासून दूर जाताना फार वेगाने अंधूक होत जाते. जेऊरच्या काचांवर कडेलगतचे बारकावे उतरले. तळणीच्या लहानशा काचेवर उतरला तो प्रभामंडलातून दूरवर फेकला गेलेला एक लांबलचक किरण. तोवरच्या कोणत्याही छायाचित्रात एवढा लांब किरण आला नव्हता.

कॅम्बेल चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांना कडेजवळची रचना मोठी करून पाहायची होती आणि त्यासाठी चाळीस फुटांना पर्याय नव्हता. ॲनीबाईंना प्रभामंडल कुठपर्यंत जाते हे पाहायचे होते. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की आपल्या प्रश्नाला पुरेल एवढेच भिंग घ्यावे, हा हिशेब त्यांनी आधी मांडला होता. त्या तळावर आणखी एक हौशी निरीक्षक होते, जॉन एव्हरशेड. त्यांनी तिथे ग्रहणाच्या क्षणिक वर्णपटाची उत्तम छायाचित्रे घेतली. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेत आले आणि १९०९मध्ये सौरडागांतील वायूंचा प्रवाह त्यांनी शोधला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नायगमवाला १९१२मध्ये निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथल्या परंपरेतूनच उभी राहिलेली भारतीय ताराभौतिकी संस्था ही 'आदित्य-एल१'वरील प्रभामंडलदर्शक यंत्राची निर्माती. तिथेही निवड करावीच लागली : सूर्यकेंद्रापासून १.०५ ते ३ सौर त्रिज्यांपर्यंतचा पट्टा बारकाईने पाहण्यासाठी ते यंत्र घडवले आहे; त्यापलीकडचे त्याच्या कक्षेत नाही.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही, याची कबुली द्यायला हवी. ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकेत पीएचडी करत असताना मी खग्रास ग्रहणाला उसने आणलेले ६०० मिलिमीटरचे भिंग घेऊन गेलो. माझ्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान. सूर्यकडेच्या गुलाबी ज्वाला सुरेख आल्या. प्रभामंडलाचे किरण मात्र चौकटीच्या वरच्या व खालच्या कडेला कापले गेले. शिवाय त्या वजनाने तिपाई डुगडुगत होती आणि त्या दोन मिनिटांतला अर्धा वेळ मी आकाशाऐवजी स्क्रूकडे पाहत होतो. शेजारी एक आजोबा साधे झूम भिंग लावून निवांत बसले होते. त्यांचे चित्र माझ्यापेक्षा सरस आले.

नऊ इंच म्हणजे २२९ मिलिमीटर. आज अनेकांच्या पिशवीत आधीपासून असलेले ७०–३०० मिलिमीटरचे स्वस्त झूम भिंग साधारण तिथेच, एफ ५.६च्या आसपास उघडते. पूर्ण चौकटीच्या संवेदकावर त्यातून सुमारे नऊ अंश बाय सहा अंश आकाश मावते. सूर्य त्यात अर्ध्या अंशाचा. खंडग्रास अवस्थेत भिंगापुढे सौर गाळणी अनिवार्य, खग्रास होताच ती काढायची, आणि छोट्यापासून मोठ्यापर्यंत निरनिराळ्या उघडझापीची चित्रे घ्यायची. पैसे उरलेच तर ते मजबूत तिपाईवर खर्च करा.

लक्सरला जायचे जमले तर माझ्या पिशवीत तेच असेल. २० मार्च २०३४ रोजी खग्रास पट्टा कारगिलवरून जाणार आहे, तेव्हाही.