दाढ, थर्मामीटर आणि सरकारी पैसा



दवाखान्यातल्या जातिभेदाचा विषय काढला की आपल्यातलेच शिकलेसवरलेले लोक आम्हाला थांबवतात. म्हणतात, "आता कुठे राहिलंय तसलं? डॉक्टर काय जात विचारून सुई टोचतो का?" सुई टोचताना विचारत नसेल. पण केसपेपर काढताना आडनावानंतर वस्तीचे नाव विचारले जाते, आणि ते सांगितल्यावर खिडकीपलीकडचा आवाज बदलतो, हे आमच्या बाया वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. तक्रार लिहून द्या म्हटले की त्या हसतात. काय लिहायचे? आवाज बदलला असे?

म्हणून आज इतिहासाकडे वळू.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल टाकेना. गावच्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला. अट अशी की रोग्याला वस्तीबाहेर आणायचे. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या पोरासकट बाहेर नेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. परतीचा प्रवासही तसाच. दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे फी देऊनही तो पुन्हा बघायला आला नाही. बाई गेली.

इथे डॉक्टरने उपचार नाकारले नव्हते, हे नीट लक्षात घ्या. त्याने फी घेतली, निदान केले, औषध पाठवले. कागदावर सगळे बरोबर. फक्त नाडीला हात लावला नाही.

आता अमेरिकेत चला. नॉर्थ कॅरोलिना राज्यातले ग्रीन्सबरो शहर. तिथे जॉर्ज सिमकिन्स नावाचे कृष्णवर्णीय दंतवैद्य होते, आणि चळवळीतले कार्यकर्तेही. केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या मैदानावर गोल्फ खेळले म्हणून 1955 साली त्यांना अटक झाली होती. एकदा त्यांच्याकडे अक्कलदाढेत पू झालेला, गाल सुजलेला, तापाने फणफणलेला रोगी आला. त्याला दवाखान्यात भरती करणे भाग होते. कृष्णवर्णीयांच्या इस्पितळात खाट मिळायला आठवडे लागणार होते. गोऱ्यांच्या दोन मोठ्या इस्पितळांनी, मोझेस कोन आणि वेस्ली लाँग यांनी, घ्यायला नकार दिला.

दाढेतला पू रक्तात पसरला तर माणूस मरतो. सिमकिन्स यांनी शोध घेतला तेव्हा कळले की या दोन्ही इस्पितळांनी इमारतींसाठी केंद्र सरकारकडून प्रत्येकी दहा लाख डॉलरहून अधिक घेतले आहेत. ज्या 1946 च्या हिल-बर्टन कायद्याखाली हा पैसा मिळाला, त्यातच 'वेगळे पण समान' अशी पळवाट ठेवलेली होती. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या करातून दवाखाना उभा राहणार आणि त्याच्या दारातून त्यांनाच परत पाठवणार. 1962 साली सहा डॉक्टर, तीन दंतवैद्य आणि दोन रुग्ण कोर्टात गेले. इस्पितळांचे म्हणणे एकच: आमची संस्था खाजगी आहे.

हे वाक्य ओळखीचे वाटते ना? चवदार तळे खाजगी आहे, हाच दावा महाडच्या सनातन्यांनी केला होता. तो मुंबई हायकोर्टात मार्च 1937 मध्ये फेटाळला गेला. ग्रीन्सबरोच्या रुग्णांना खालच्या कोर्टात हार पत्करावी लागली; वरच्या कोर्टाने 1 नोव्हेंबर 1963 रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढच्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला.

त्यानंतर 1964 चा नागरी हक्क कायदा आला. त्याच्या सहाव्या प्रकरणाचा अर्थ साधा आहे: सरकारी पैसा हवा तर भेदभाव बंद. 1966 साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजना सुरू झाली तेव्हा हीच अट इस्पितळांना लावली. तपासनीस वॉर्डावॉर्डांतून फिरले, कोण कुठे झोपले आहे ते पाहिले. सुमारे हजार इस्पितळांनी काही महिन्यांत वेगळे वॉर्ड मोडले. मन बदलले म्हणून नव्हे, बिल अडकेल म्हणून. अर्थात पळवाटा उरल्याच. खाजगी डॉक्टरांच्या फीला ही अट लागू केली नाही, आणि दातांचा नेहमीचा उपचार तर मेडिकेअरने घेतलाच नाही. ज्या दाढेवरून लढा पेटला, ती बाहेरच राहिली!

पण ही युक्ती अमेरिकेची नाही, मित्रांनो. आपल्या सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला 4 ऑगस्ट 1923 चा ठराव आपण पाणवठ्यांसाठी आठवतो. त्यात सार्वजनिक दवाखानेही होते, हे आपले वक्ते विसरतात. ठराव धाब्यावर बसवला जातोय हे दिसल्यावर बोले यांनी ऑगस्ट 1926 मध्ये दुसरा ठराव आणला: जी म्युनिसिपालिटी, जे लोकल बोर्ड हे मानणार नाही त्याचे अनुदान बंद करा. अमेरिकेच्या कायद्याच्या अडतीस वर्षे आधी!

स्वतंत्र भारताने 1955 च्या कायद्यात दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले, आणि कलम 5 मध्ये प्रवेशानंतर केलेला भेदभावही गुन्हाच धरला. काठेवाडच्या थर्मामीटरसारखी वागणूक दवाखान्यात झाली तर तिला हे कलम लागू होते. अडचण इतकीच की तक्रार करण्याचे ओझे खाटेवर पडलेल्या माणसावर येते. तो ताप अंगात घेऊन पोलीस ठाण्यात जाणार कधी?

आज महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून खाजगी इस्पितळांना सरकारी पैसा जातो. धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. म्हणजे 'आम्ही खाजगी' म्हणण्याची सोय त्यांना उरलेली नाही. आमची मागणी बोले यांचीच आहे. रुग्णाला मिळालेल्या वागणुकीची जातनिहाय नोंद ठेवण्याची अट या पैशाला जोडा. भेदभाव आढळला की हप्ता रोखा. तोवर आपापल्या जिल्ह्यातल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: त्या वीस टक्के खाटांवर गेल्या वर्षी किती रुग्ण होते, कोणत्या वॉर्डात होते, आणि किती जणांना दारातून परत पाठवले. उत्तर आले की आम्हाला कळवा.