जुन्या सिंथेसायझरची बटणे : दोष कोठे शोधावा?

दौंड-शिरूर परिसरात वाद्यवृंद असो, तमाशाचा फड असो वा लग्नातील बँड. ढोलकी-हलगीच्या जोडीला की-बोर्ड हा आता ठरलेलाच असतो. कोणत्याही कंपनीचा असला तरी बोलीभाषेत तो 'कॅसिओ'च. यामाहाचा डीएक्स-७ (१९८३), रोलँडचा डी-५० (१९८७) आणि कॉर्गचा एम-१ (१९८८) या सिंथेसायझरांनी एक काळ गाजवला. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली होती. या सर्वांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यामुळे हाती असलेले वाद्य टिकवणे, हाच वादकापुढील मार्ग उरतो.

अशा वाद्यांची नेहमीची तक्रार म्हणजे दर्शनी पॅनेलवरील बटणे न चालणे. स्वर उमटतात, पण ध्वनी बदलता येत नाही. मग वाद्य 'गेले' असे समजून ते भंगाराच्या भावात विकले जाते. प्रत्यक्षात बहुधा दोष काही रुपयांच्या स्विचमध्ये असतो.

बिघाड का होतो?

पॅनेलमागे साधारणपणे दोनपैकी एका प्रकारचे स्विच असतात. पहिला प्रकार टॅक्ट स्विचचा. यात धातूची लहान घुमटाकार पत्री दाबली जाऊन संपर्क होतो. दुसऱ्या प्रकारात रबरी बटणाखालील कार्बनची टिकली सर्किटवरील पट्ट्यांना टेकते. दोन्हींना धूळ व दमट हवा बाधते. तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन चैत्र-वैशाखातील जत्रांपर्यंत चालतो. पावसाळ्यात वाद्य महिनोन् महिने पेटीत बंद राहते, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि नेमके हंगामाच्या तोंडावर बटण दगा देते. मैदानावरची धूळ आणि घामेजलेली बोटे उरलेले काम करतात.

लक्षणांवरून निदान

प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. बटणे आडव्या-उभ्या वाहिन्यांच्या जाळ्यात गुंफलेली असतात. उदाहरणार्थ, ४ आडव्या व ८ उभ्या अशा १२ वाहिन्यांवर ३२ बटणे चालतात. म्हणून स्क्रू काढण्यापूर्वी कागदावर पॅनेलचा आराखडा काढून न चालणाऱ्या बटणांवर खूण करावी. निम्मे निदान तेथेच होते.

* एकच बटण चालत नसेल वा जोर दिल्यावरच चालत असेल, तर दोष त्या स्विचमध्ये किंवा त्याच्या डागात असतो.
* एकदा दाबल्यावर दोनदा काम होत असेल, तर स्विचची पत्री झिजली आहे.
* बटणांचा एक गटच बंद असेल, तर तुटलेली वाहिनी, सैल रिबन केबल किंवा त्या ओळीची आयसी तपासावी. असा गट पॅनेलवर शेजारी-शेजारीच असेल असे नाही.
* तीन बटणे एकत्र दाबताच न दाबलेल्या चौथ्याचे काम होत असेल, तर डायोडवर संशय घ्यावा.
* सारेच पॅनेल निपचित असेल, तर आधी एखादे बटण आत अडकले आहे का ते पाहावे. नंतर पॅनेलची जोडणी व पाच व्होल्टचा पुरवठा तपासावा.

उघडण्यापूर्वी

वाद्याचा प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. जपानी बाजारातून आलेले वाद्य १०० व्होल्टचे असू शकते. मागील पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय ते आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याला जोडू नये. साठवलेले ध्वनी लहान लिथियम बॅटरीवर जिवंत असतात. दुरुस्तीत ती निसटली तर वर्षानुवर्षे जुळवलेले ध्वनी पुसले जातात. म्हणून आधी कार्ट्रिजवर किंवा मिडीद्वारे संगणकावर त्यांची प्रत घ्यावी.

तपासणी व दुरुस्ती

पुरवठा बंद ठेवून मल्टिमीटर ओहमवर लावावा. टॅक्ट स्विचच्या चार पायांपैकी दोन-दोन आतून जोडलेले असतात. त्यामुळे मोजमाप दोन वेगवेगळ्या जोड्यांमध्ये घ्यावे. दाबल्यावर चांगला स्विच एक ओहमहूनही कमी रोध दाखवतो. झिजलेल्याचा आकडा शेकड्यांत जातो किंवा थरथरतो. कार्बनच्या टिकलीला मात्र शे-दोनशे ओहम असणे हा दोष नव्हे. सिलिकॉन डायोडने मीटरच्या डायोड-चाचणीत एकाच दिशेने ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवावेत.

रबरी बटणांच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हळुवार पुसाव्यात. पॉलिश पेपर वापरल्यास कार्बनचा थरच निघून जातो. पेट्रोल वा रॉकेलने प्लॅस्टिक व रबर खराब होते. बंदिस्त टॅक्ट स्विच अल्कोहोलने सुधारला तरी ती सुधारणा बहुधा तात्पुरती ठरते. तो बदलणेच श्रेयस्कर. नवा स्विच घेताना पायांमधील अंतराबरोबर दांड्याची उंचीही जुळवावी. उंची अर्धा मिलिमीटर जास्त झाली तरी बटण सतत दाबलेले राहू शकते. सोल्डरिंग २५ वॉटच्या इस्त्रीने करावे आणि ती एका जागी फार वेळ टेकवू नये. जुन्या बोर्डावरील तांब्याची पट्टी उष्णतेने उखडते.

सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. जुना स्विच सोबत नेल्यास माप चुकत नाही. एक स्विच गेला असेल तर त्याच वयाचे शेजारीही फार मागे नसतात. वारंवार वापरातली बटणे एकाच वेळी बदलून घ्यावीत. मुख्य बोर्डावरची आयसी गेली असेल, तर मात्र काम जाणकार तंत्रज्ञावर सोपवावे.

पावसाळ्यात वाद्य पेटीत ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पंधरवड्यातून एकदा ते बाहेर काढून प्रत्येक बटण आठ-दहा वेळा दाबावे. त्या घर्षणाने संपर्क स्वच्छ राहतो, आणि एखादे बटण कुरकुरत असेल तर ते सुपारी घेण्यापूर्वीच कळते.