घरातील धुलाई यंत्र आणि दुरुस्तीचे ज्ञान : टॉप-लोड यंत्राच्या दोषनिदानाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र कोणी व केव्हा तयार केले याची नोंद होते. परंतु ते बंद पडल्यावर कोणी उघडले, दोष कसा ओळखला आणि कोणी दूर केला, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. घरगुती यंत्राचे आयुष्य मात्र बऱ्याच अंशी याच प्रश्नांवर अवलंबून असते. अमेरिकन इतिहासकार रुथ श्वार्ट्झ कोवन यांनी इ.स. १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात असे दाखवून दिले की, धुलाई यंत्रामुळे श्रमाची तीव्रता कमी झाली, तरी पूर्वी धोबिणीकडे किंवा लाँड्रीकडे जाणारे काम पुन्हा घरात आले आणि ते प्रामुख्याने गृहिणीवर पडले. हे मान्य केल्यास यंत्राचा बिघाड ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. यंत्र थांबते त्या दिवशी हे काम पुन्हा त्याच हातांवर येते.

घरची दुरुस्ती मागे पडली ती यंत्रे गुंतागुंतीची झाल्यामुळे, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. दोषाचे लक्षण वापरणाऱ्याला वाचता येते काय आणि सुटा भाग त्याच्या हाती पडतो काय, या दोन बाबी अधिक निर्णायक ठरल्या. वरून कपडे टाकण्याच्या, म्हणजे टॉप-लोड यंत्राच्या इतिहासाच्या आधारे हे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

उघड्या यंत्राचा काळ

कपडे धुण्याच्या यंत्राची कल्पना जुनी आहे. जर्मनीत याकोब ख्रिश्चन शेफर यांनी इ.स. १७६७ मध्येच अशा यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले होते. विजेवर चालणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या प्रारंभी बाजारात आली. शिकागो येथील हर्ली मशीन कंपनीचे ‘थॉर’ हे त्यांतील एक प्रसिद्ध यंत्र होय. अमेरिकेतील आयोवा राज्यातील न्यूटन या गावी इ.स. १८९३ मध्ये स्थापन झालेली मेटॅग कंपनी मुळात शेतीची अवजारे बनवणारी होती. तिने इ.स. १९०७ मध्ये पहिले धुलाई यंत्र तयार केले. पुढे १९१५ मध्ये, वीज न पोहोचलेल्या घरांसाठी, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारे यंत्रही तिने विक्रीस आणले. इ.स. १९२२ मध्ये याच कंपनीने टबाच्या तळाशी बसवलेला ॲजिटेटर प्रचारात आणला. ताक घुसळताना रवी जशी उलटसुलट फिरते, तसाच हा भाग पाण्यात उलटसुलट फिरतो व कपडे घुसळतो.

या यंत्रांचा टब उघडा असे. कपडे पिळण्यासाठी वर दोन रबरी रूळ बसवलेले असत. पट्टा सैल झाला, रूळ झिजले किंवा तेल गळू लागले, तर ते डोळ्यांना दिसे. दोष शोधण्यासाठी तर्क लढवण्याची गरज फारशी नव्हती. शिवाय शेतावरच्या घरी पाने, पकडी आणि वंगण हाताशी असे. रुळांमध्ये हात सापडून अपघात होत असूनही अशा यंत्रांचे उत्पादन मेटॅगने इ.स. १९८३ पर्यंत चालू ठेवले होते.

बंद पेटी आणि टायमर

बेंडिक्स कंपनीचे स्वयंचलित यंत्र इ.स. १९३७ मध्ये आले. ते पुढून कपडे टाकण्याचे होते आणि पिळताना होणाऱ्या हादऱ्यांमुळे जमिनीला बोल्टने जखडावे लागे. टॉप-लोड स्वयंचलित यंत्रे इ.स. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत स्थिर झाली. पुढे व्हर्लपूल या नावाने ओळखली गेलेली नाइन्टीन हंड्रेड कॉर्पोरेशन आणि जनरल इलेक्ट्रिक या त्यांतील प्रमुख कंपन्या होत.

या बदलाने दोषनिदानाचे स्वरूप पालटले. पाणी भरणे, घुसळणे, पाणी सोडणे व पिळणे या क्रिया आता टायमरच्या आज्ञेने क्रमाने होऊ लागल्या. टायमर म्हणजे लहान मोटारीने सावकाश फिरणारी, खाचा असलेली चकती होय. खाच येईल त्याप्रमाणे विजेचा एकेक मार्ग जोडला वा तोडला जातो. सर्व भाग पत्र्याच्या पेटीत गेल्यामुळे दोष दिसेनासा झाला. परंतु त्याचे लक्षण शिल्लक राहिले. वैद्य नाडीवरून रोगाचा अंदाज बांधतो, त्याप्रमाणे वापरणाऱ्याला आवाज, पाण्याची पातळी आणि थांबण्याची वेळ यांवरून अनुमान करावे लागले.

इ.स. १९६७ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी मेटॅगने आपल्या जाहिरातींत कामाविना कंटाळलेला दुरुस्ती-कारागीर दाखवण्यास प्रारंभ केला, तर व्हर्लपूलने ग्राहकांसाठी चोवीस तासांची विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. एका कंपनीने बिघाड होणारच नाही असे आश्वासन दिले, तर दुसरीने बिघाड होतो हे गृहीत धरून ग्राहकाशी संवादाची सोय केली. दुरुस्तीचे ज्ञान कोणाकडे असावे, याविषयीच्या या दोन भिन्न भूमिका होत.

लक्षणावरून दोषाकडे

या पद्धतीचे उत्तम उदाहरण व्हर्लपूलच्या १९८० च्या दशकातील ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ यंत्रात आढळते. त्यात पट्टा काढून टाकून मोटार व गिअरबॉक्स एका लहान कपलिंगने जोडले होते. प्लास्टिकचे दोन तुकडे आणि त्यांमध्ये रबराची चकती, एवढीच त्याची रचना. टबात कपडे प्रमाणाबाहेर भरले की हे प्लास्टिक तुटते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. पाण्याचा पंप मोटारीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला असल्यामुळे लक्षण स्पष्ट होते. मोटारीचा आवाज येतो, पाणीही निघून जाते, मात्र टब आणि ॲजिटेटर हलत नाहीत. एवढ्यावरून दोष कपलिंगमध्ये असण्याची दाट शक्यता समजते. वरच्या नियंत्रण-पट्टीचे स्क्रू व दोन क्लिपा काढल्या की पेटीचा पत्रा पुढे ओढून अलग करता येतो. पंप आणि मोटारही क्लिपांनीच धरलेली असते. म्हणजेच पट्ट्याच्या यंत्रापेक्षा नवी असलेली ही रचना घरी दुरुस्त करण्यास अधिक सोपी होती.

इतर दोषांचे तर्कशास्त्रही असेच आहे. टबात पाणी सावकाश येत असेल, तर नळी जोडण्याच्या जागेवरील जाळी प्रथम पाहावी लागते, कारण तिथे क्षार व गाळ साचतो. पाणी भरणे थांबतच नसेल, तर संशय दाब-स्विचवर जातो. टबातील पाणी चढू लागले की एका बारीक नळीतील हवा दाबली जाते व त्या दाबाने हा स्विच पाणी बंद करतो. नळी निसटली वा चिरली, तर पाणी पुरेसे झाल्याचे यंत्राला कळत नाही. घुसळणे नीट होते, पण पिळणे सुरू होत नाही, अशा वेळी झाकणाखालचा स्विच तपासला जातो. प्रत्येक वेळी आधी प्लग काढणे आणि कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेपासून सावध राहणे अनिवार्य असते. नेमक्या याच मर्यादेवर घरचे ज्ञान संपून कारागिराचे ज्ञान सुरू होते.

भारतीय संदर्भ

भारतातील मध्यमवर्गीय घरांत धुलाई यंत्राचा प्रसार प्रामुख्याने १९८० च्या दशकानंतर झाला. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाढलेल्या व्हिडिओकॉनचा त्यात मोठा वाटा होता. येथे रुजले ते मुख्यतः दोन टबांचे अर्धस्वयंचलित यंत्र. त्यात उंच ॲजिटेटरऐवजी तळाशी फिरणारी चकती, म्हणजे पल्सेटर असतो. ब्रिटनमधील हूव्हर कंपनीच्या इ.स. १९४८ च्या यंत्रात तो टबाच्या बाजूला होता. जपानमध्ये सॅन्यो कंपनीने इ.स. १९५३ मध्ये आणलेल्या यंत्रामुळे हा प्रकार आशियात लोकप्रिय झाला.

दोन टबांच्या यंत्रात धुण्याची व पिळण्याची मोटार वेगळी आणि टायमरही वेगळे असतात. त्यामुळे निम्मे निदान यंत्राची रचनाच करून देते. मोटार नुसतीच गुणगुणत असेल, तर कपॅसिटर वा अडकलेला भाग. पिळण्याचा टब जड फिरत असेल, तर झाकणाशी तारेने जोडलेला ब्रेक, असे आडाखे गल्लीतील कारागिरास तसेच घरातील जाणत्या माणसासही बांधता येतात. कपॅसिटर व पट्टा हे भाग विजेच्या सामानाच्या दुकानांतून मिळत राहिले. इ.स. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. अशा प्रसंगी घराघरांतील यंत्रांना आधार उरतो तो याच खुल्या ज्ञानाचा आणि सुट्या भागांचा.

संकेतांकांचा काळ आणि दुरुस्तीचा हक्क

इ.स. १९९० मध्ये मात्सुशिता कंपनीने ‘फझी लॉजिक’वर चालणारे यंत्र जपानमध्ये आणले. इ.स. १९९१ मध्ये न्यूझीलंडच्या फिशर अँड पेकेलने मोटार थेट टबाला जोडून गिअरबॉक्स व पट्टा दोन्ही वगळले. यांत्रिक भाग कमी झाले, परंतु निर्णय इलेक्ट्रॉनिक पट्टिकेकडे गेला. यंत्र स्वतःच दोष सांगू लागले. एलजीच्या यंत्रांत ‘आयई’ म्हणजे पाणी येण्यातील आणि ‘ओई’ म्हणजे पाणी जाण्यातील अडथळा होय. हा संकेत मर्यादित अर्थानेच निदान ठरतो. पाणी जात नाही हे तो सांगतो; नळी वाकली आहे, पंपात नाणे अडकले आहे की पंप जळला आहे, हे माणसालाच पाहावे लागते. त्यामुळे जुनी अनुमानपद्धती निरुपयोगी ठरलेली नाही.

सुट्या भागांचा प्रश्न आता कायद्याच्या कक्षेत आला आहे. युरोपीय संघाच्या १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार धुलाई यंत्राचे सुटे भाग किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. तथापि दार, बिजागरी, रबरी सील यांसारखे भाग सर्वांना, तर मोटार, पंप व इलेक्ट्रॉनिक पट्टिका केवळ व्यावसायिक कारागिरांना, असा भेद त्यात आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्या विषयांत टिकाऊ गृहोपयोगी वस्तूंचा समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी या विषयाचे संकेतस्थळ सुरू झाले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, घरच्या दुरुस्तीचा इतिहास ही सरळ ऱ्हासाची कथा नाही. उघड्या यंत्रात दोष दिसत होता, टायमरच्या यंत्रात तो ऐकू येत होता आणि आजच्या यंत्रात तो संकेतांकाने सांगितला जातो. १९८० च्या दशकातील कपलिंगने हे सिद्ध केले की, नवी रचना जुनीपेक्षा दुरुस्तीस सुलभ असू शकते. यंत्र कोणी उघडावे हे बऱ्याच अंशी आराखडा तयार होतानाच ठरते. युरोपीय नियमांतील भेद हा त्याच निर्णयाचा कायदेशीर अवतार होय. एका लहान प्लास्टिकच्या तुकड्यासाठी संपूर्ण यंत्र भंगारात जाते, तेव्हा पोलाद व तांबे वाया जाते, शिवाय धुण्याचा भार घरातील स्त्रीच्या मनगटावर परत येतो. म्हणून दुरुस्तीच्या ज्ञानाचा विचार तंत्रज्ञानाच्या इतिहासाप्रमाणेच घरगुती श्रमाच्या इतिहासातही होणे आवश्यक आहे.