चिलखत नेमके काय अडवते?

कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने २०२४ मध्ये विकसित केलेल्या देशातील सर्वांत हलक्या बुलेटप्रूफ जॅकेटची बातमी आपण वाचली असेल. हलकेपणाला इतके महत्त्व का, याचे उत्तर इतिहासात आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी सैनिक कापडी टोप्या घालून खंदकांत उतरले. डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांतून शिशाच्या गोळ्या बरसत. १९१५ मध्ये फ्रेंच व ब्रिटिश सैन्यांत पोलादी शिरस्त्राणे आली. जवळून झाडलेली रायफलची गोळी ती अडवू शकत नसत. तरीही त्यांनी असंख्य प्राण वाचवले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सेकंदाला ८०० मीटर वेगाच्या गोळीच्या तुलनेत २०० मीटर वेगाच्या, तितक्याच वस्तुमानाच्या तुकड्याची ऊर्जा केवळ १/१६ भरते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतील सैनिकांनी पोलादी पट्ट्यांची, सुमारे ८ किलोंची जॅकेटे वापरली. तीही तोफगोळ्यांच्या तुकड्यांसाठीच होती. विमानात हा भार पेलवे. मैलोन्‌मैल चालणाऱ्या पायदळाला तो झेपणारा नव्हता.

सर्वांत मजबूत चिलखतही अंगावर नसेल, तर निरुपयोगीच. म्हणून वाचवलेला प्रत्येक ग्रॅम हेही संरक्षणच होय.